सेमिनरीचा ग्रंथपाल: काम काय, पगाराचं काय?

प्रश्न: आम्ही मिरजेचे. आमचे हे ख्रिस्ती मंडळीत पाळक (धर्मोपदेशक) होते, आता निवृत्त आहेत. मुलगा इतिहास घेऊन बी.ए. झाला, मग शिवाजी विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राचं बी.लिब. केलं. आता त्याला सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, ग्रंथपाल व्हायचंय. हे म्हणतात, "सेमिनरीत जायचंच असेल तर बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) करून पाळक हो, नाहीतर स्पर्धा परीक्षा दे. पुस्तकांची राखण कसली करतोस?" रोज जेवताना हाच विषय. मुलाला काय सांगू? – एक आई

ताई, मुलाची निवड मला पटते. मात्र आज आहे त्या शिक्षणावर त्याने नोकरी धरू नये, आधी एम.लिब. पूर्ण करावं. कारण पुढे येईलच.

आधी "राखण" या शब्दाबद्दल. बी.डी.ला येणारी मुलं कुठून येतात ते पाळकसाहेबांना चांगलं ठाऊक असेल. जत किंवा खटावच्या मराठी शाळेत शिकलेला मुलगा पुण्याला येतो आणि पहिल्याच सत्रात त्याच्यासमोर बायबलवरचे जाडजूड इंग्रजी भाष्यग्रंथ पडतात. शुभवर्तमानातल्या एका उताऱ्यावर निबंध लिहायचा असतो. कुठलं भाष्य जुनं, कुठलं आजच्या संशोधनाला धरून, दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर त्याचा उल्लेख कसा करायचा, हे त्याला कुणी शिकवायचं? प्राध्यापकाचा तास संपला की तो दुसऱ्या वर्गावर जातो. संध्याकाळी अभ्यासिकेत त्या मुलाशेजारी बसतो तो ग्रंथपाल, आणि तेही मुलगा पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत. उद्याच्या पाळकाच्या उपदेशात ह्या माणसाचा वाटा असतो, फक्त व्यासपीठावरून त्याचं नाव कुणी घेत नाही. साहेबांनाच विचारा, त्यांच्या सेमिनरीच्या दिवसांत हवं ते पुस्तक नेमकं कोण काढून द्यायचं.

दुसरं काम निवडीचं. खरेदीला पैसा बेताचा, आणि देणगीच्या पुस्तकांची खोकी मात्र येत राहतात. परदेशातल्या एखाद्या निवृत्त धर्मगुरूचा आख्खा संग्रह येतो. त्यातलं काय ठेवायचं आणि काय कृतज्ञतेने नाकारायचं हे ठरवायला विषय कळावा लागतो. कपाट भरलं म्हणजे ग्रंथालय झालं असं नाही. वर्गीकरणातही डोकं लागतं. पुस्तकाला विषयाप्रमाणे आकडा देणारी ड्यूई दशांश पद्धत १८७६ साली अमेरिकेत निघाली. तिच्यात धर्माला २०० ते २९९ हे आकडे आहेत, त्यातले बहुतेक बायबल आणि ख्रिस्ती धर्मालाच दिलेले. हिंदू, बौद्ध, इस्लाम हे सगळे २९०च्या घरात दाटीवाटीने बसवलेले. आपल्याकडच्या सेमिनरीत तर ह्या धर्मांचा अभ्यास लागतोच. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तुकोबांची गाथा हाताशी नसेल तर तो काय लिहिणार? आपल्या मंडळीला न पटणाऱ्या मतांची पुस्तकंही ग्रंथपालाला मांडावी लागतात, आणि त्यावरून कुणी नाराज झालं तर शांतपणे उत्तर द्यावं लागतं. तुमचा मुलगा हे करू शकेल का, ते तुम्हीच पाहा.

तिसरी गोष्ट, जुन्या कागदांची जपणूक, मला सगळ्यांत मोलाची वाटते, आणि इतिहासाच्या मुलाला ती आवडेल. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ला सुरू झालं. मिशनरी विल्यम केरी यांनी बंगालमधल्या सेरामपूरहून छापलेली सुरुवातीची बरीच मराठी शास्त्रं (बायबलचे भाग) मोडीत आहेत. मिशनचे अहवाल, बाप्तिस्म्याची रजिस्टरं, जुनी गीतांची पुस्तकं अशा कागदांची वाळवी आणि कसर वाट बघत असतात. पुराचं तर सांगलीकरांना सांगायला नको. २०१९ला सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकांचा लगदा झाला. जुने कागद स्कॅन करणं, त्यांची नीट सूची करणं, हे येणारा आणि वर मोडी वाचणारा ग्रंथपाल सेमिनरीला सहज मिळत नाही. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग होतात, मुलाने जरूर करावेत. कोहासारखी ग्रंथालयाची मोफत प्रणालीही शिकून घ्यावी. ग्रीक-हिब्रू या बायबलच्या मूळ भाषांत पंडित व्हायची गरज नाही, अक्षरओळख असली तरी कपाटात पुस्तक चुकीच्या जागी जात नाही.

आता पैशाचं. अशा जागा थोड्या असतात, आणि पगार संस्थेगणिक बदलतो. काही ठिकाणी आवारात राहायला घर मिळतं, काही ठिकाणी "ही सेवा आहे" म्हणून आकडा खाली आणला जातो. सेवा करावी, पण नेमणूकपत्र, वेतनश्रेणी आणि भविष्यनिर्वाह निधी कागदावर घेऊन. मुलाखतीत त्याने एवढं नक्की विचारावं: ग्रंथपालाला प्राध्यापकांच्या सभेत बसता येतं का, आणि खरेदीची दरवर्षीची रक्कम कोण ठरवतं? ह्या उत्तरांवरून त्या संस्थेत ग्रंथालयाची किंमत किती ते कळतं.

म्हणूनच एम.लिब.चा आग्रह. तिथे किमान ५५ टक्के मिळवले आणि ग्रंथालयशास्त्रात नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा काढली, की कुठल्याही महाविद्यालयाच्या ग्रंथपालपदासाठी अर्ज करता येतो. सेमिनरीत जमलं नाही तरी दार बंद होत नाही, आणि साहेबांची काळजीही निम्मी होते. धर्मशास्त्राची पायाभरणी हवी असेल तर धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटचा बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) अभ्यासक्रम दूरशिक्षणाने होतो. त्यासाठी पाळक व्हावं लागत नाही.

ह्या सुट्टीत मात्र त्याला कोयना एक्स्प्रेसमध्ये बसवून पुण्याला पाठवा. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, नगर रोडला ज्ञानदीप (पूर्वीचं ज्ञानदीप विद्यापीठ). आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी आणि चार-आठ दिवस बिनपगारी मदत करू का, असं विचारावं. जमलं तर वडिलांनाही बरोबर जाऊ द्या.