घोडीच्या पेनकिलरचा खर्च कमी कसा करावा? माणसांच्या गोळ्या दिल्या तर चालतात का?

माणसांच्या गोळ्यांचा विचार डोक्यातून काढा. त्यात पैसेसुद्धा वाचत नाहीत. मेलॉक्सिकॅम घ्या उदाहरणाला. घोड्याला दिवसाला किलोमागे 0.6 मिलिग्राम लागतं. साडेतीनशे किलोच्या घोडीला 210 मिलिग्राम झाले. माणसांची मोठी गोळी 15 मिलिग्रामची, म्हणजे रोजच्या 14 गोळ्या. मेडिकलवाला आधी चिठ्ठीकडे बघेल, मग तुमच्याकडे.

तुम्ही लिहिलंय की खारघरला असता, घोडी वयस्कर आहे, पुढचे गुडघे आखडतात आणि महिन्याचं औषध परवडत नाही. आमचं घर ठाण्यातल्या बाळकूमचं, वरातीच्या घोड्यांचा धंदा आजोबांपासूनचा. तुमच्या प्रश्नातलं 'स्वस्तात भागेल असं काहीतरी' हे मी माझ्या चुलत्यांच्या, अण्णांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

ऐन लग्नसराईत आमची नुकरी, म्हणजे पांढरी, घोडी पुढच्या डाव्या पायावर भार देईना. उभी राहिली की तो पाय पुढे टाकून खुराचं टोक तेवढं टेकवायची. अण्णांनी गोठेवाल्या मित्राकडून डायक्लोफिनॅक या पेनकिलरची बाटली आणली. 'दोन सुया मारू, संध्याकाळची वरात निघेल.' मी म्हटलं, जनावरांना हे द्यायला 2006 पासून बंदी आहे, हे दिलेली मेलेली जनावरं खाऊनच गिधाडं संपली. त्यावर अण्णा म्हणाले, 'ठाण्यात एक गिधाड दाखव, मग बोल.' आता यावर काय बोलणार! नाहीत म्हणूनच तर बंदी आली ना.

बाटली मी उचलून ठेवली. दुसरी घोडी वरातीला पाठवायची तर ती काळी, आणि नवऱ्याकडच्यांना पांढरीच हवी होती, त्यामुळे वरात हातची गेली. त्या वरातीचे पैसे अण्णा अजून माझ्या नावावर मांडतात.

मी काय केलं होतं, तर खुराच्या वर मागच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी बघितली होती. उजव्या पायाची महत्प्रयासाने लागत होती, डाव्याची ठणठण उडत होती, आणि खूर तव्यासारखं गरम. हे गुडघ्याचं नाही, खांद्याचंही नाही, खुरात काहीतरी साचलंय हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. डॉक्टर आले, त्यांनी चिमट्याने खूर दाबत नेलं, एका जागी घोडीने पाय हिसडला. नालबंदाने खिळे एकेक करून काढले. बाहेरच्या बाजूचा तिसरा खिळा ओला आणि काळा निघाला, वास असा की नालबंदानेच तोंड फिरवलं. खिळा आतल्या जिवंत भागाला चाटून गेला होता. भोक मोठं केलं, पू वाहून गेला, मिठाच्या गरम पाण्यात खूर शेकलं, वर पट्टी बांधली. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. ते कधीही चुकवू नका, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो. थोडे दिवस मेलॉक्सिकॅम दिलं, बस्स. डॉक्टरांची फी आणि नालबंदाची मजुरी मिळून एका वरातीच्या पैशात बसली.

अण्णा काय म्हणतात? 'बघ, शेवटी औषधानेच बरी झाली ना!' पू बाहेर काढला, त्याचं नावच नाही. सुई मारून तिला डांबरी रस्त्यावर बॅन्जोच्या तालावर नाचवली असती तर तिला दुखलं नसतं आणि खुरातला पू वर चढला असता. दुखणं दाबून घोडं कामाला काढणं ही बचत नव्हे, आणि हे मी त्यांना बारशापासून तेराव्यापर्यंत प्रत्येक कार्यात सांगितलंय.

तुमच्या घोडीचं वेगळं असेल, म्हातारपणाचे सांधे असतील. तरी आधी खुरं बघून घ्या. छाटणी सहा ते आठ आठवड्यांनी झालीच पाहिजे. खुराचं टोक वाढलं की सगळा ताण वर सांध्यांवर येतो. घोडी जाड असेल तर हरभरा कमी करा. सकाळी सिमेंटवर न फिरवता मातीवर चालवा, अगदी हळू, पण रोज. एका जागी बांधलेली म्हातारी घोडी जास्त आखडते.

मग वजन काढा, कारण अंदाजाने डोस देणारे बहुतेक जास्तच देतात. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्या, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. शिंप्याची टेप 150 ला संपते, म्हणून सुतळी गुंडाळून मग ती मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. घेर 165 आणि लांबी 150 असेल तर सुमारे 344 किलो.

खरी बचत हवी असेल तर डॉक्टरांना फिरोकॉक्सिब या पेनकिलरबद्दल विचारा. कुत्र्याला ते किलोमागे 5 मिलिग्राम लागतं, घोड्याला फक्त 0.1. म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला 35 मिलिग्रामच्या आसपास. पण कुत्र्याची गोळी घरी सुरीने तोडून सुरुवात करू नका. किती आणि किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील. चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं नाव लिहून मागा, आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जायची लाज वाटून घेऊ नका, तिथे नाममात्र पैसे लागतात.

दुकानदार स्वस्त म्हणून केटोप्रोफेन किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅक पुढे करेल, त्यांच्यावर जनावरांसाठी 2023 मध्ये बंदी आली. निमेसुलाइडवर 2024 च्या अखेरीस.

आणि हो, दोन पेनकिलर एकत्र कधीच नाहीत. ब्यूट, म्हणजे फिनाइलब्यूटाझोन, चालू असेल तर त्यावर दुसरं काही नको, पोटात अल्सर होतात, आतडं सुजतं, मूत्रपिंडं जातात. पाणी कमी पीत असेल तर आणखीनच धोका. पोटशूळ उठला तर फ्लुनिक्सिन हे पेनकिलर टोचून वाट बघत बसू नका. कळ दबते, आतड्याला पडलेला पीळ तसाच राहतो. तेव्हा पैसे मोजू नका, डॉक्टरांना फोन करा.

अण्णांचा मुलगा या साइटवर असतो. त्याने हे त्यांना वाचून दाखवायला माझी हरकत नाही.