पुण्यातला नवीन फ्लॅट बंद ठेवायचा का, आणि मिळकत कराचं काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की फेब्रुवारीअखेर पझेशन मिळालं, मुलीची शाळा सध्याच्या भाड्याच्या घराजवळ आहे म्हणून पुढच्या एप्रिलपर्यंत तिथेच राहणार, नवीन फ्लॅट कुलूपबंद, आणि आता पुणे महानगरपालिकेचं 34,000 चं मिळकत कराचं बिल हातात पडलंय. एजंट म्हणतो भाड्याने दिलात तर करातली 40 टक्के सवलत जाईल, त्यापेक्षा बंदच ठेवा आणि पीटी-3 हा त्या सवलतीचा फॉर्म भरून स्वतः राहतो असं दाखवा, कोण बघायला येतंय.

आधी बिल नीट बघू, कारण पैसे तिथेच अडकलेत. 34,000 पैकी 24,000 या वर्षाचे आणि 10,000 मागची थकबाकी. थकबाकी कसली, फ्लॅट तर आत्ता मिळाला, असं तुम्ही लिहिलंय. तर आकारणी पझेशनच्या तारखेपासून धरलेली नाही, बिल्डरला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेची परवानगी) मिळालं तिथपासून म्हणजे नोव्हेंबरपासून धरलीये. महिन्याला 2,000 प्रमाणे नोव्हेंबर ते मार्च पाच महिन्यांचे 10,000 झाले, त्यातला फक्त मार्च तुमचा. रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या कायद्याच्या कलम 11 प्रमाणे ताबा देईपर्यंतची देणी प्रमोटरची म्हणजे बिल्डरची असतात, म्हणजे 8,000 बिल्डरकडून मागायचे. पझेशन लेटर आणि बिलाची कॉपी जोडून ईमेल टाका, फोनवर बोलून काही होत नाही. फक्त एक करा, हे भांडण मिटेपर्यंत बिल अडवून ठेवू नका. पालिकेला तुमच्या आणि बिल्डरच्या वादाशी देणंघेणं नाही, मुदत उलटली की महिन्याला 2 टक्के शास्ती सुरू होते आणि ती तुमच्याच नावावर चढते. उलट वेळेत भरलंत तर सर्वसाधारण करात 5 किंवा 10 टक्के सूट मिळते, पूर्ण बिलावर नाही हां, लोक तिथेच फसतात.

आता 40 टक्क्यांचं. ही सवलत मालक स्वतः राहतो त्या घराला आहे, मधे काही वर्षं नवीन मिळकतींची बंद झाली होती, 2023 मध्ये राज्य सरकारने परत सुरू केली आणि तेव्हापासून पीटी-3 भरणं आलं. तुमच्या 24,000 वर ती साधारण 9,600 होते. पण तुम्ही तिथे राहत नाही, लाइट बिलावर युनिट शून्य दिसतंय, आधार आणि गॅस दोन्ही जुन्या पत्त्यावर, आणि तरी मी इथे राहतो म्हणून सही करायची? मी तरी करू देणार नाही. तपासणीला कोणी आलं नाही तर नशीब, आलं तर सवलत गेली आणि फरक मागच्या तारखेपासून वसूल.

दुसरं तुम्ही विचारलंय की घर रिकामं आहे म्हणून कर परत मिळतो का. कायद्यात रिकाम्या मिळकतीला परताव्याची तरतूद आहे, पण मालकाने स्वतःला लागेल तेव्हा वापरायला राखून ठेवलेलं घर त्यात रिकामं धरत नाहीत, मग त्यात कोणी राहो न राहो. तुमचं घर नेमकं तसंच आहे, तो नाद सोडा.

मग खरा हिशोब असा. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे तिथे 22,000 भाडं येतं. जी सवलत वाचवायला फ्लॅट बंद ठेवायचा ती 9,600 ची, म्हणजे जेमतेम 13 दिवसांचं भाडं. त्यासाठी 11 महिन्यांचे 2,42,000 सोडायचे? एजंटचं एक महिन्याचं भाडं, निघताना रंगकाम, अधूनमधून प्लंबर असं सगळं धरून 60,000 काढून टाकले तरी पावणेदोन लाखांच्या वर हातात उरतात, आणि तुम्ही स्वतः 18,000 भाडं भरताय ते वेगळंच. माझं मत सरळ आहे, 11 महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाडेकरार करा, मुलीची शाळा संपते तेव्हाच ते संपतं. करार रजिस्टर करायचाच, स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का म्हणजे 600 च्या आसपास आणि रजिस्ट्रेशनचे 1,000. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची, ते टाळू नका.

सोसायटीने आत्ताच नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतला जाणारा आकार) लावलेत असं लिहिलंय. सोसायटी रजिस्टर झालेली असेल तर बंद फ्लॅटला ते लागत नाहीत, भाड्याने दिल्यावर लागतात आणि तेही सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपर्यंतच. सेक्रेटरींना लेखी द्या.

भाड्याच्या इन्कम टॅक्सची भीती तुमच्या बाबतीत फारशी नाही. वर्षभराचं भाडं धरलं तरी 2,64,000 मधून तुम्ही त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला मिळकत कर (इथे वर्षाचे 24,000 धरू) वजा होतो, उरलेल्याच्या 30 टक्के स्टँडर्ड डिडक्शन जातं, राहतात 1,68,000, आणि तुमचं होम लोनचं व्याजच 3 लाखांच्या वर आहे. नवीन टॅक्स रिजीममध्येही भाड्याच्या घराचं व्याज भाड्यातून वजा करता येतं, फक्त वरचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. कर भरल्याची पावती म्हणूनच जपून ठेवायची.

एक गोष्ट मात्र, इंटिरियर आत्ता करू नका. फर्निचर केलंत की भाडं दोन-तीन हजारांनी वाढेल पण तुमचं नवं किचन दुसरं कोणीतरी वापरून जुनं करणार, आणि मग एप्रिलमध्ये घरात त्यावरून बोलणी खाल. तो पैसा वर्षभर एफडीत राहू द्या.

आणि पुढच्या वर्षी राहायला गेलात की पत्ता बदला, सोसायटीचं पत्र घ्या आणि क्षेत्रीय कार्यालयात पीटी-3 लगेच द्या. तेव्हा ती सवलत तुमची हक्काची. त्याआधी बिलावर नाव कोणाचं आहे तेही बघा, बिल्डरचंच असेल तर इंडेक्स टूची (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) कॉपी लावून नाव बदलून घ्यावं लागेल, हे काम याच महिन्यात उरका.