एकाच जिवाणूमुळे म्हशीला घटसर्प आणि कोंबडीला कॉलरा कसा होतो?

हो, जिवाणू एकच, पाश्चुरेला मल्टोसिडा. पण त्याच्या अंगावरचं कवच आणि ते घडवणारी जनुकं वेगवेगळी असतात. कवचावरून त्याचे ए, बी, डी, ई, एफ असे 5 प्रकार पडतात. आपल्याकडचा घटसर्प ‘बी’चा, आफ्रिकेत ‘ई’ही सापडतो. कोंबड्यांचा कॉलरा बहुतेक वेळा ‘ए’चा. हे कवच नुसतं आवरण नाही, ते जिवाणूला पांढऱ्या पेशींपासून वाचवतं. प्रयोगात कवच घालवलेला ‘बी’ उंदरांत फारच दुबळा ठरला. याच जिवाणूच्या, डुकरांचं नाक वाकडं करणाऱ्या विषाचं जनुक तर त्याच्या डीएनएत शिरलेल्या विषाणूकडून आलेलं! जिवाणूचे प्रकार असे वेगळे, म्हणून कोंबडीची लस म्हशीला चालत नाही. घटसर्पाची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्या. गळा सुजल्यावर जनावर कित्येकदा दिवसभरात जातं.