ओढा पाइपात घालून वर रस्ता केला तर काय बिघडतं? पाणी तर वाहतच राहतं ना?

बरंच बिघडतं. "पाणी तर वाहतच राहतं ना" हे वाक्य मी घरच्या जेवणाच्या टेबलावर इतक्यांदा ऐकलंय, की लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आमच्या इमारतीमागे ओढा होता. काठावर उंबर आणि करंज, तारेवर खंड्या. ओढा बंदिस्त करून वर रस्ता करायचं ठरलं तेव्हा सोसायटीच्या सभेत या बेताची बाजू मांडली माझ्या मोठ्या दिरांनी. ते सिव्हिल इंजिनियर. एवढ्या पावसाला एवढ्या व्यासाचा पाइप पुरतो, असं त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. मी विचारलं, वरच्या टेकडीवर इमारती झाल्यावरही पुरेल? "तू भावनेच्या भरात बोलतेस," म्हणाले. सभेत कुणी माझी बाजू घेतली नाही. उंबर गेला.

पुढे टेकडीवर इमारती झाल्याच. जे पाणी मातीत मुरायचं ते काँक्रीटवरून एकदम खाली आलं, पाइपाच्या तोंडाशी फांद्या-प्लास्टिकचा बोळा बसला आणि आमचं पार्किंग बुडालं. भाऊजींचं म्हणणं, पाऊसच असाधारण होता. तसा पाऊस आधीही पडायचा. तेव्हा ओढा काठांवर पसरायचा, त्याचा वेग मोडायचा, थोडं पाणी जिरायचं. पाइपाला पसरायला जागाच नसते. उन्हाळ्यातला गारवा गेला तो वेगळाच, कारण तो झाडांच्या आणि ओल्या मातीच्या बाष्पीभवनातून यायचा.

दक्षिण कोरियातल्या सोल शहरात चॉन्गेचॉन ओढा असाच झाकून वर उन्नत मार्ग बांधला होता. २००३ मध्ये तो पाडायला घेतला आणि २००५ मध्ये ओढा पुन्हा उघडा केला. पण आज तिथलं बरंचसं पाणी पंपाने आणून सोडावं लागतं. म्हणून म्हणते, मुळात झाकूच नका.

हो, सांडपाणी सोडलेला ओढा घाण मारतो, डासही होतात, काठच्या लोकांचा त्रास खरा आहे. त्यासाठी सांडपाण्याची वाहिनी वेगळी काढायची असते, ओढा गाडायचा नसतो.

तुमच्याकडे सभा होणार असेल तर एवढंच विचारा: पाइपाचा व्यास काढताना वरच्या पाणलोटात पुढे किती जमीन झाकली जाईल असं धरलंय? आणि प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या. आमच्या इतिवृत्तात माझा प्रश्न नाही, त्यामुळे भाऊजी आजही सांगतात की तेव्हा कुणी काही विचारलंच नव्हतं.