रेशनच्या तांदळातले ‘प्लास्टिकचे’ दाणे

प्रश्न : रेशनचा तांदूळ निवडताना काही दाणे पिवळट, एका मापाचे दिसतात आणि धुताना वर तरंगतात. प्लास्टिक समजून आम्ही ते फेकतो. त्यापेक्षा भंडाऱ्याचा चिन्नोर घ्यावा का?
— गृहिणी, नंदनवन

उत्तर : फेकू नका, ते फोर्टिफाइड दाणे आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून ते मळतात, शेवयांच्या साच्यासारख्या यंत्रातून दाबून काढतात आणि दाण्याएवढे तुकडे करून वाळवतात. 100 किलो तांदळात असे दाणे 1 किलो मिसळतात. असा दाणा जरा हलका राहतो, म्हणून काही तरंगतात. तरी शंका असेल तर एक दाणा चिमट्यात धरून जाळा. तांदूळ जळून काळा कोळसा होतो आणि करपल्या भाकरीसारखा वास येतो. प्लास्टिक वितळून त्याची गोळी होते.

चूक बहुतेक वेळा शिजवण्यात होते. पाच-सहा पाण्यांतून खळखळून धुतलं किंवा भरपूर पाण्यात शिजवून वरची पेज ओतून दिली, की घातलेली जीवनसत्त्वं मोरीत जातात. दोनदा हलक्या हाताने धुवा आणि मापाच्या पाण्यात शिजवा.

खरी काळजी वेगळीच आहे आणि विदर्भात ती जास्त आहे. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचा रुग्ण असेल, त्याला वारंवार रक्त चढवावं लागत असेल, तर शरीरात लोह आधीच साठत असतं. त्याच्यासाठी हा तांदूळ वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

चिन्नोर घ्या, पण सुवासासाठी आणि मऊ भातासाठी. पांढरा पॉलिश केलेला चिन्नोर लोहाच्या बाबतीत साध्या तांदळाइतकाच गरीब. लोह हवं तर ताटात डाळ, पालेभाजी आणि वर लिंबाची फोड ठेवा. जेवणाबरोबरचा चहा मात्र तासभर पुढे ढकला, तो लोह शोषू देत नाही.

प्रश्न : प्रयोगशाळेत वाढवलेलं मांस हॉटेलात नकळत वाढलं जातं का?
— वाचक, धरमपेठ

उत्तर : नाही. सिंगापूरने 2020 मध्ये आणि अमेरिकेने 2023 मध्ये परवानगी दिली. भारतात ते विक्रीला नाही. मांसासारख्या लागणाऱ्या सोयाबीनच्या वड्या म्हणजे तेल काढून उरलेलं पीठ, त्यांचा याच्याशी संबंध नाही.

प्रश्न : चकाकणारी संत्री मेण लावलेली असतात म्हणे. मग हिरवट संत्री घ्यावी का?
— वाचक, मानेवाडा

उत्तर : मेण लावतात, हे खरं. मधमाशीचं मेण, कार्नोबा (एका ताडाच्या पानांवरचं मेण) आणि लाख यांचा लेप फळांवर लावायला नियमाने परवानगी आहे. त्याने फळ लवकर सुकत नाही. संत्र्याची साल आपण टाकतो, त्यामुळे त्याची फार धास्ती नको. सालीचा मुरंबा करणार असाल तर कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवून ब्रशने घासा.

रंगावर मात्र जाऊ नका. आंबिया बहाराचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या झाडाचं फळ ऑक्टोबरात आतून पिकतं, पण रात्री गार पडल्याशिवाय साल नारिंगी होत नाही. अशी फळं इथिलीन वायूत ठेवून रंगवतात. तो रंग गोडीची खूण नव्हे. हातात घेऊन वजन पाहा. आकाराच्या मानाने जड असेल ते रसाळ. साल सुटून पोकळ लागत असेल ते आतून सुकलेलं. घरी पॉलिथिनमध्ये बांधून ठेवू नका, ओल धरते आणि हिरवी बुरशी एका फळावरून साऱ्यांवर जाते. टोपलीत तणस घालून पसरा.

प्रश्न : जनुकीय बदल केलेलं काहीच खायचं नाही असं ठरवलंय. वांगी सोडली. बरोबर?
— निवृत्त शिक्षक, महाल

उत्तर : वांग्यावर अन्याय झाला. बीटी वांग्यावर, म्हणजे कीड रोखणारं जनुक घातलेल्या वांग्यावर, 2010 पासून स्थगिती आहे, त्यामुळे भिवापूर-उमरेडकडून येणारं वांगं बिनधास्त खा. बीटी कापूस मात्र 2002 पासून आहे आणि त्याच्या सरकीचं तेल खाद्यतेलात येतं. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिनं जवळपास उरत नाहीत, त्यामुळे घाबरण्यासारखं नाही. तरी टाळायचंच असेल तर डब्यावर ‘सरकी’ शब्द शोधा आणि तळणीला शेंगदाण्याचं तेल घ्या.

घाण्याचं जवस तेल तळणीला वापरू नका, तापलं की खवट, कडू होतं. पाव लिटरच घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. त्याहून सोपी चटणी. एक वाटी जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. सात-आठ भिवापुरी मिरच्या, दहा-बारा लसूण पाकळ्या भाजून घ्या, मीठ घाला. सगळं पूर्ण गार झाल्यावरच मिक्सर थांबत थांबत फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा बसतो. आठवडाभर पुरेल एवढीच करा. अख्खं जवस महिनोन्महिने टिकतं, कुटलेलं नाही.