हंगामाहून परतलेल्या मुलांना कुठून शिकवायला घ्यावं

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडची मुलं मजुरीला जाणाऱ्या आईबापांसोबत द्राक्षबागांवर जातात. हंगामानंतर ती वर्गात परतली की लगेच इयत्तेचं पुस्तक उघडू नका. आधी एकेकाला बाजूला घेऊन ५ मिनिटं वाचायला द्या : अक्षर, शब्द, चार ओळींचा उतारा, मग गोष्ट. जिथे अडखळेल तिथून सुरुवात. बरेच जण जोडाक्षरावर अडकतात. 'रस्ता' लिहिलेलं असतं, मूल 'रसता' म्हणून पुढे सरकतं. तिथेच थांबवून 'र-स्ता' असं फोडून वाचून घ्या.

गणितात हातच्याची वजाबाकी बघा. ५२ वजा २७ चं उत्तर ३५ आलं, तर मुलाने ७ मधून २ काढलेत. पाढे घोकून हे सुटत नाही. दहा-दहा काड्यांचे ५ गठ्ठे आणि २ सुट्या काड्या द्या. गठ्ठा त्यालाच सोडू द्या.

गट इयत्तेनुसार नको, पातळीनुसार करा. रोज तासभर पुरे. पण दर पंधरवड्याला तपासून गट बदलाच. नाहीतर 'ढ'चा शिक्का बसतो आणि मूल शाळेत येणंच सोडतं, याइतकं वाईट काही नाही. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाला गोष्ट आधी त्याच्या भाषेत सांगू द्या.

दाखला नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण हा त्याचा हक्क आहे. पुढच्या वेळी निघण्याआधी शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत शिकता यावं म्हणून शाळा देते ते) द्या, सोबत मूल नेमकं कुठवर आलंय ते लिहा.