इंग्लंडमध्ये कॉरोनर व्हायचंय म्हणतेस, तर

तू विचारलंस की एमडी फॉरेन्सिक करून इंग्लंडला आले तर कॉरोनर होता येईल का. व्हिसा, इंग्रजीची परीक्षा वगैरे सगळं नेटवर आहे, ते सोडते.

अगं, इथला कॉरोनर पोस्टमॉर्टेम (पीएम) करत नाही, ते पॅथॉलॉजिस्टचं काम. कॉरोनर म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करणारा न्यायाधीश, माणूस कोण, कधी, कुठे आणि कसा गेला एवढंच बघणारा, दोषी कोण ते तो ठरवत नाही. आधी डॉक्टरही कॉरोनर व्हायचे पण 2013 ला नवा कायदा लागू झाला तेव्हापासून नवीन नेमणुकीला वकीलच लागतो, तोही 5 वर्षं अनुभवाचा. तुला याच्या जवळपासचं काम हवं तर मेडिकल एक्झामिनर बघ, सप्टेंबर 2024 पासून कॉरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू ते तपासतात, त्याला डॉक्टरच लागतात.

मी स्वतः पुण्याची एलएलबी, इथे कॉरोनर्स ऑफिसर आहे, म्हणजे घरच्यांना फोन करणं, कागद गोळा करणं. माझ्या स्वतःच्या कागदांनी मात्र जीव खाल्ला, डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि मॅरेज सर्टिफिकेटच्या भाषांतरात आडनावाचं तिसरंच स्पेलिंग. तू निघण्याआधी सगळीकडे एकच नाव करून घे.

एकटेपणा येतो, कामाला लागलं की कमी होतो.

पण एक गोष्ट कमी होत नाही. मागे एका इन्क्वेस्टला, म्हणजे कॉरोनरसमोरच्या मृत्यूच्या सुनावणीला, एक बाई वहीत प्रश्न लिहून आली होती, वकील नव्हता, तरी कॉरोनरने तिला डॉक्टरला सरळ विचारू दिलं, की रात्री माझ्या मुलाने वॉर्डात बेल वाजवली तेव्हा कोण गेलं होतं? डॉक्टरला उत्तर द्यावं लागलं. माझे बाबा कऱ्हाडजवळ अपघातात गेले, मी पोचेपर्यंत पंचनामा, पीएम सगळं उरकलेलं, रिपोर्टसाठी भाऊ खेटे घालत राहिला आणि समोर बसून विचारावं असं कुणी नव्हतंच. मुंबईत तरी कॉरोनर कोर्ट होतं, तेही 1999 ला बंद केलं. त्या बाईला बोलताना बघून मला बरं नाही वाटलं गं, राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

त्यामुळे तू एमडी करून तिथेच राहिलीस तर मला जास्त आनंद होईल, हे खरं सांगते. तरी यायचंच असेल तर इन्क्वेस्ट सहसा सगळ्यांना खुल्या असतात, आधी फिरायला म्हणून ये, माझ्याकडेच उतर, एक अख्खा दिवस मागच्या बाकावर बसून बघ आणि मग फॉर्म भर.